मंडळीच्या वह्या : औरंगाबाद प्रांतांतील ख्रिस्ती लोकांच्या नित्य धर्माचरणाचीं साधनें

(१) प्रास्ताविक

जुने कागद जमविणाऱ्या गृहस्थांच्या संग्रहांत सनदा असतात, महजर असतात, निवाडपत्रें व बखरींच्या नकला असतात. एखाद्याजवळ देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्याही सांपडतात. परंतु ख्रिस्ती मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही, वर्गणीचें टिपण किंवा वडिलांच्या सभेचें कार्यवृत्त कोणी मुद्दाम मिळवून वाचल्याचें क्वचित् आढळतें. हे कागद फार जुने नसतात, त्यांवर शिक्के-मोर्तबें नसतात, आणि त्यांतील माणसें बहुधा अप्रसिद्ध असतात. तेव्हां संग्राहकाची नजर त्यांवरून पुढें जाते, यांत नवल नाहीं.

ही उपेक्षा योग्य नव्हे, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहितांना आजवर बहुतेकांनीं बाप्तिस्म्याच्या दिवसाकडेच पाहिलें. अमुक साली अमुक इतकीं माणसें ख्रिस्ती झालीं, असें मिशनचे लोक अभिमानानें सांगत. विरोधक तेंच खेदानें किंवा उपहासानें सांगत. दोघांचेंही लक्ष एकाच दिवसावर होतें. पण बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधि. धर्म मात्र त्यानंतरच्या प्रत्येक दिवशीं पाळावयाचा असतो. जेवावें कोणाबरोबर, मुलगी द्यावी कोठें, बाजार रविवारीं आला तर काय करावें, गांवचें बलुतें तुटलें तर खावें काय, मेलेल्याला पुरावें कोठें, या प्रश्नांचीं उत्तरें मिशनच्या छापील अहवालांत थोडीं व मंडळीच्या हस्तलिखित वह्यांत पुष्कळ मिळतात. त्या वह्या कोणत्या, त्या वाचाव्या कशा, व त्या हाताळतांना कोणती जबाबदारी पाळावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

‘मंडळी’ हा शब्द या लेखांत मराठी ख्रिस्ती लोकांच्या अर्थानें घेतला आहे. एका देवळाशीं बांधलेला उपासकांचा समुदाय, त्याचा पाळक, त्याचे वडील व सेवक, यांसह ती मंडळी होय. केवळ इमारत नव्हे.

(२) स्थलविचार

मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें फतेहनगर झाली, आणि १६५३ पासून औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आली. २०२३ सालापासून शहराचें व जिल्ह्याचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर असें आहे. ज्या कागदांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत ‘औरंगाबाद’ हेंच नांव असल्यानें जुन्या काळापुरतें तेंच ठेविलें आहे. जालना १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे. म्हणून जालन्याचे कागद येथें परके नव्हत.

हा सर्व मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पुण्याची किंवा अहमदनगरची मंडळी इंग्रजी अंमलाखालीं होती. औरंगाबादची मंडळी मात्र मुसलमान राजाच्या राज्यांत, मराठी बोलणाऱ्या बहुसंख्य हिंदु समाजांत राहत असे. शहराला लागून इंग्रज अंमलदारांची छावणीही होती. छावणीतील गोऱ्या लोकांची उपासना इंग्रजींत आणि देशी मंडळीची मराठींत, असा भेद असे. त्यामुळें एकाच शहरांतील ख्रिस्ती कागद दोन दप्तरांत विभागले जातात. एक दप्तर अधिकाऱ्यांचें, दुसरें गरीब रयतेचें. संग्राहकांच्या हातीं पहिलें लवकर लागतें. इतिहासाला गरज आहे ती दुसऱ्याची.

देशी मंडळीचे या प्रांतांतील मुख्य प्रवाह तीन. पहिला चर्च मिशनरी सोसायटीचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशीं संबद्ध. औरंगाबादेस या मिशनचें काम पारशी कुळांत जन्मलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दीर्घ काळ चालविलें. दुसरा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा. याचें केंद्र जालना. तिसरा रोमन कॅथॉलिक. या लोकांचें औरंगाबादचें स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ सालीं झालें. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें ती व अँग्लिकन मंडळी इतर काहींसह एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. म्हणून एकाच मंडळीच्या वह्यांवर काळपरत्वें तीन-चार निरनिराळीं शीर्षकें आढळलीं तर त्या निरनिराळ्या संस्थांच्या वह्या आहेत, असें समजूं नये.

(३) नारायण शेषाद्रि व बेथेल

नित्याच्या आयुष्यांत धर्म कसा बसवावा, हा प्रश्न या प्रांतांत ज्यानें सर्वांत आधीं गांवाच्या रूपानें मांडला तो गृहस्थ नारायण शेषाद्रि होय. त्याच्या पूर्वचरित्रांतील एक प्रकरण आमच्या विषयाचें मूळच दाखवितें. नारायण हा ब्राह्मण तरुण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकला व १८४३ सालीं ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हाही मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि मुलगा अल्पवयी म्हणून बापाच्या स्वाधीन झाला. खरा वाद तेथून पुढें पेटला. श्रीपतीचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु त्यानें मिशनऱ्यांच्या घरचें अन्न घेतलें होतें. त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें, असें बाळशास्त्री जांभेकर प्रभृतींचें मत होतें. सनातनी मंडळींनीं त्यास कडवा विरोध केला. मुलाचा विश्वास काय होता, हें फारसें कोणी विचारलें नाहीं. तो जेवला कोठें, एवढेंच विचारलें गेलें.

या प्रकरणाचा बोध नारायणास आयुष्यभर पुरला असावा. धर्म पंक्तींत ठरतो, तर नवी पंक्तच मांडली पाहिजे. पुढें पाळक होऊन तो जालन्यास आला, आणि तेथें त्याच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेले लोक बहुतांशीं मांग व महार होते. हे लोक आपापल्या गांवीं राहिले तर पाण्याचा, कामाचा व जागेचा प्रश्न रोजचा. म्हणून त्यानें निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळविली व जालन्याजवळ ‘बेथेल’ नांवाचें गांव वसविलें. बेथेल म्हणजे देवाचें घर. याकोबाला स्वप्नांत शिडी दिसली त्या ठिकाणाला पवित्र शास्त्रांत हें नांव आहे. गांवांत शेती, शाळा, उद्योग व देऊळ एकत्र असावें, अशी ही योजना होती. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस नारायण शेषाद्रि गेला होता. १८९१ सालीं तो मृत्यु पावला.

ख्रिस्ती लोकांचीं वेगळीं गांवें वसविण्याची कल्पना एकट्या बेथेलची नव्हे. नासिकजवळचें शरणपूर याच जातीचें होय. तिच्या गुणदोषांची चर्चा मिशनांतही पुष्कळ झाली. वेगळ्या गांवांत माणूस छळापासून सुटतो; पण शेजाऱ्यांपासूनही सुटतो. जो धर्म शेजाऱ्यावर प्रीति करावयास सांगतो, त्याच्या अनुयायांनीं जुना शेजार सोडावा काय, हा आक्षेप वजनदार आहे. उलट, ज्याला जुन्या शेजारांत विहिरीचें पाणीही मिळत नव्हतें त्याला हा उपदेश करणें सोपें नाहीं, हेंही तितकेंच खरें. या वादाचा निकाल तत्त्वानें लागत नाहीं. गांवांत राहिलेल्या व गांवाबाहेर वसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यानेंच कांहीं उलगडा होईल.

आणखी एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. नारायण शेषाद्रि, बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, रतनजी नवरोजी, या सर्वांनीं ख्रिस्ती झाल्यावरही आपलीं नांवें कायम ठेविलीं. नांवावरून धर्म ओळखण्याची संवय असलेल्या संशोधकाची येथें फसगत होते. नोंदवहींत ‘शमुवेल’, ‘मार्था’, ‘याकोब’ अशीं नांवें असतील तशीं जुनीं मराठी नांवेंही असूं शकतात. आणि बापाचें नांव एका धाटणीचें, मुलाचें दुसऱ्या धाटणीचें, हें तर सहज संभवतें. असल्या नांवांची पिढीवार यादी केली, तरी एक लहानसा इतिहास हातीं येईल.

(४) वह्यांचे प्रकार

आतां प्रत्यक्ष साधनांकडे वळूं.

बाप्तिस्म्याची वही. इंग्लंडांत १८१२ च्या कायद्यानें बाप्तिस्म्याच्या नोंदीचा छापील नमुना ठरला. त्यांत विधीची तारीख, मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण, बापाचा धंदा, व विधि करणाऱ्याची सही असे रकाने असतात. अँग्लिकन मंडळ्यांच्या वह्या याच वळणाच्या. वाचक बहुधा नांव व तारीख पाहून पान उलटतो. आमच्या मतें सर्वांत मोलाचा रकाना धंद्याचा. एकाच बापाला चार मुलें असतील तर चार नोंदींत त्याचा धंदा चार वेळां लिहिला जातो. पहिल्या नोंदींत मजूर, दुसरींत घोडेवाल्याचा चाकर, चौथींत शाळामास्तर, अशी चढण दिसली तर एका कुटुंबाचें वीस वर्षांचें चरित्र मिळालें. चारही वेळां तोच धंदा असेल, तर तेंही चरित्रच.

कॅथॉलिक वह्या. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहाची नोंद ठेवणें पाळकांवर बंधनकारक केलें. आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें पांच वह्या सांगितल्या : बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची, मृत्यूची, आणि ‘स्तातुस आनिमारुम’ नांवाची. या पांचव्या नांवाचा शब्दशः अर्थ ‘आत्म्यांची स्थिति’. ही घरवार यादी होय : घरांत माणसें किती, कोणाचे कोणते संस्कार झाले, ईस्टरला प्रसाद कोणी घेतला. ज्यांनीं पेशवाईतील खानेसुमारीचे कागद वाचले आहेत त्यांस या वहीचें मोल सांगावयास नको. या वह्यांची भाषा लॅटिन. परंतु शब्द थोडे व ठराविक असल्यानें ती संवयीनें वाचतां येते. ‘बाप्तिझावी’ म्हणजे बाप्तिस्मा दिला; ‘नातुस’ जन्मलेला; ‘फिलिउस’ मुलगा व ‘फिलिया’ मुलगी; ‘पात्रिनुस’ धर्मपिता व ‘मात्रिना’ धर्ममाता; ‘ओबिइत’ वारला; ‘सेपुल्तुस’ पुरलेला. १९०८ सालापासून अंमलांत आलेल्या नियमाप्रमाणें विवाहाची टीप वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं समासांत लिहावयाची असते. म्हणून समास कधींही कापूं नये. पुस्तक बांधणाऱ्यास हें आधीं बजावावें.

विवाहाची वही. विवाहापूर्वीं तीन रविवारीं देवळांत सूचना वाचण्याची चाल आहे; कोणास हरकत असल्यास ती तेव्हां सांगावी. या सूचनेचें निराळें पुस्तक असतें, आणि त्यांत न झालेलीं लग्नेंही सांपडतात. विवाहाच्या वहींत वय, गांव, बापाचें नांव व साक्षीदार असतात. सही कीं अंगठा, हें मुद्दाम पाहावें. नवऱ्यानें अंगठा केला व नवरीनें सही केली, अशी एक नोंद मुलींच्या शिक्षणावरील दहा व्याख्यानांहून अधिक सांगते.

वडिलांच्या सभेचें कार्यवृत्त. प्रेस्बिटेरियन मंडळींत पाळक व निवडलेले वडील मिळून सभा भरते. प्रभुभोजनास कोणास घ्यावें व कोणास कांहीं काळ दूर ठेवावें, हें ती ठरविते. दुसरी बायको करणें, लहान मुलीचें लग्न लावणें, दारू, भांडण, रविवारीं काम, जुन्या दैवताच्या उत्सवांत भाग, अशा कारणांवरून शिस्तीचे खटले चालत. आमच्या गोतसभांच्या निवाड्यांशीं यांची तुलना केली असतां मौजेचें साम्य व मोठा भेद दिसतो. दोन्हीकडे बहिष्कार आहे व दोन्हीकडे परत घेणें आहे. परंतु गोतसभेंत दोष मुख्यतः स्पर्शाचा व संबंधाचा. मंडळींत तो मुख्यतः आचरणाचा. प्रत्यक्ष व्यवहारांत ही रेषा कितपत पाळली गेली, हें कार्यवृत्तांतच पाहावें लागतें.

वर्गणीची वही. ही सर्वांत दुर्लक्षित, म्हणून आधीं रद्दींत जाते. ज्या मंडळीचे लोक शेतमजूर आहेत तिची वर्गणी पैशांत थोडी व जिनसांत अधिक असावयाची : ज्वारी, कोंबडी, अंडीं, भाजी. सुगीनंतर हंगामाच्या उपासनेंत पहिलें पीक देवळांत आणून अर्पण करण्याची व तें लिलावानें विकून मंडळीच्या खात्यांत जमा करण्याची चाल आजही पुष्कळ मराठी मंडळ्यांत आहे. मिशनचा पगार बाहेरून येई; ही वर्गणी मात्र माणसें स्वतः देत. मंडळी परक्याच्या आधारावर उभी होती कीं स्वतःच्या पायांवर, याचा पुरावा प्रवचनांत शोधण्यापेक्षां या आण्यापैच्या रकान्यांत शोधावा.

दफनाची वही. छावणीच्या स्मशानांतील कोरीव दगड इंग्रज अंमलदारांचे. देशी मंडळीच्या थडग्यावर बहुधा मातीचा उंचवटा व लांकडी क्रूस, तो दोन पावसाळ्यांत जातो. या माणसांचा शिलालेख म्हणजे दफनाच्या वहीतील एक ओळ. शिलालेखाचे ठसे घेणाऱ्या मित्रांनीं ही ओळही तितक्याच आदरानें उतरून घ्यावी.

याखेरीज घरगुती कागद आहेत. कुटुंबाच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा. उपदेशकांच्या कीर्तनाच्या वह्या. हातानें उतरून घेतलेलीं गाणीं. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया अहमदनगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनीं घातला, व टिळकांच्या गीतांनीं मराठी उपासनेचें वळणच पालटलें. तीं गीतें ‘उपासना संगीता’ंत छापलेलीं आहेत. परंतु कोणत्या गांवच्या उपदेशकानें त्यांतील कोणतीं निवडून आपल्या वहींत घेतलीं, हें छापील पुस्तक सांगत नाहीं.

(५) भाषा व कालगणना

औरंगाबाद प्रांताच्या कागदांत एकाच प्रकरणाला तीन-चार भाषा लागतात. मंडळीचा व्यवहार मराठींत, मिशनचा पत्रव्यवहार इंग्रजींत, कॅथॉलिक नोंदी लॅटिनमध्यें, आणि जमिनीचे कागद सरकारी भाषेंत. ती १८८४ च्या सुमारापर्यंत फारसी व नंतर उर्दू होती. देवळाची जागा, स्मशान, विहीर यांसंबंधींचे कागद म्हणून उर्दू जाणणाऱ्याच्या साहाय्यानेंच लावावे.

तारखांविषयीं विशेष सावधगिरी हवी. देवळाची वही इसवी सनाची, सरकारी कागद फसली सनाचा. निजामी दप्तरांतील उत्तरकालीन फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत आजूर महिन्यापासून सुरू होतें. मराठी दप्तरांतील फसली मृगापासून धरण्याची संवय असलेल्या वाचकाची येथें चार महिन्यांची चूक होते. आजूरपासून डिसेंबरअखेर फसली सनांत ५९० मिळवावे, व जानेवारीपासून पुढें ५९१. म्हणजे फसली १३०९ हा ऑक्टोबर १८९९ ते ऑक्टोबर १९०० असा होतो. हाच तो मोठ्या दुष्काळाचा काळ. एखाद्या कुटुंबाला जमिनीचा पट्टा बाप्तिस्म्यापूर्वीं मिळाला कीं नंतर, या प्रश्नावर माणसांच्या हेतूंविषयीं मोठमोठीं विधानें केलीं जातात. तीं करण्यापूर्वीं हा मेळ बसवावा.

(६) वाचनाची रीत

एकच वही घेऊन बसल्यास यादी मिळते. चार वह्या एकमेकींशीं ताडल्या म्हणजे जीवन दिसतें. उदाहरणार्थ तीन प्रश्न घेऊं.

पहिला पंक्तीचा. पवित्र भोजनाचा प्याला सर्वांचा एक. परंतु रविवारीं एका प्याल्यांतून पिणारे सोमवारीं एका घरांत जेवत होते काय? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांस आठवेल कीं, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला व बाईंचा १९०० सालीं, आणि मधल्या काळांत त्यांचें परिवर्तन आधीं पाण्यापाशीं व अन्नापाशीं झालें, मग देवळांत. ज्यांनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं त्यांच्या बाबतींत हें कसें कळावें? धर्मपित्यांच्या व विवाहाच्या साक्षीदारांच्या नांवांवरून. मुलाला धर्मपिता पूर्वजातीबाहेरचा निवडला जातो काय, लग्नें जुन्या मर्यादा ओलांडतात काय, व किती पिढ्यांनीं, हें मोजतां येतें. उत्तर मंडळीच्या अभिमानास सुखावणारें असेलच असें नाहीं. पण तें खरें असेल.

दुसरा बलुत्याचा. मांगाचें काम दोर वळणें, केरसुणी करणें, देवाच्या व लग्नाच्या मिरवणुकींत वाजविणें. महाराचें काम गांवकीचें, त्यांत मेलेलें जनावर ओढणेंही आलें. या कामांबद्दल मिळणारें बलुतें हा त्यांचा हक्क. माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे त्यानें देवीच्या जत्रेंत वाजवावें काय? न वाजविलें तर बलुतें जातें. वाजविलें तर मंडळी विचारते. एका घरच्या भाकरीचा व एका मनाच्या निष्ठेचा हा प्रश्न होता, आणि तो दरवर्षीं जत्रेच्या दिवशीं नव्यानें येई. सभेच्या कार्यवृत्तांत ‘अमक्यास समज दिली’ एवढीच ओळ असेल. परंतु त्याच वर्षीं त्याची वर्गणी थांबली काय, पुढच्या मुलाच्या नोंदींत त्याचा धंदा बदलला काय, तो गांव सोडून बेथेलास किंवा शहरांत गेला काय, हें इतर वह्या सांगतात. त्या एका ओळीमागें काय किंमत मोजली गेली, हें तेव्हां उमगतें.

तिसरा दुष्काळाचा. १८७६ ते १८७८ व १८९९-१९०० या दुष्काळांच्या आगेमागें मिशनच्या मंडळ्यांत बाप्तिस्मे वाढले, आणि हे लोक पोटासाठीं ख्रिस्ती झाले, असा आक्षेप तेव्हांपासून चालत आला आहे. त्यावर वाद घालण्यापेक्षां एक साधी कसोटी आहे. दुष्काळाच्या वर्षांतील नांवें उतरून घ्यावीं, आणि पाऊस चांगला झालेल्या पुढील दहा वर्षांत तीं विवाहाच्या, वर्गणीच्या व मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत कोठें कोठें येतात तें पाहावें. धान्य स्वस्त झाल्यावर जो गेला, तो वहींतूनही गेलेला दिसेल. जो राहिला व वर्गणी देऊं लागला, त्याच्याविषयीं बोलतांना आक्षेपकानें जीभ आवरावी. भुकेनें दारापर्यंत आणलेला माणूस आंत कां राहिला, हा प्रश्न भुकेनें सुटत नाहीं.

(७) जपणूक व जबाबदारी

हस्तलिखितांच्या इतिहासांत एक उद्बोधक उदाहरण आहे. फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. पण त्या छापील प्रतींपैकीं एकही आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो ख्रिस्ती घरांतून झालेल्या हस्तलिखित नकलांमुळें. त्यांवरूनच सालढाणांनीं १९०७ सालीं मंगळूरास त्याची आवृत्ति काढली, व देवनागरी लिपींतील मार्सडेन संग्रहाची प्रत लंडनला उजेडांत आली. लोकांनीं पुराण गाइलें, म्हणून उतरून घेतलें. परंतु वर्गणीची वही कोणी गात नाहीं. म्हणून तिची नक्कलही कोणी करीत नाहीं. मूळ वही गेली कीं सर्व गेलें.

कोणी म्हणेल, हे कागद विलायतेस आहेतच. आहेत, पण निराळे. चर्च मिशनरी सोसायटीचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठांत, स्कॉटिश मिशनचे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, अमेरिकन मिशनचे हार्वर्डला, व इंडिया ऑफिसकडे जात असलेल्या धार्मिक नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररींत आहेत. हे मुख्यतः वर पाठविलेले अहवाल व पत्रें होत. सरकारनें जसें वसुलाचा गोषवारा पाहावा, तसें मिशनच्या कचेरीनें गोषवारा पाहिला. खर्डा गांवींच राहिला. आम्हांस खर्डा पाहिजे, आणि तो देवळाच्या कपाटांत, पाळकाच्या ट्रंकेंत किंवा एखाद्या वृद्ध वडिलांच्या घरीं, वाळवीच्या शेजारीं आहे.

तरीही आम्ही संग्राहकांस हे कागद विकत घेण्याची किंवा उचलून आणण्याची शिफारस करीत नाहीं. उलट, तसें करूं नये, असेंच सांगतों. ही वही मंडळीची चालू मालमत्ता आहे. लग्नाचा, वयाचा, वारसाचा दाखला आजही तिच्यावरून दिला जातो. एखादें पान सुटें झालें तर एखाद्याचा दाखला गेला. वहीचें स्थान देवळांतच राहावें; संशोधकानें पाळकाच्या व वडिलांच्या संमतीनें छायाचित्रें घ्यावीं, एक प्रत मंडळीस परत द्यावी, आणि बदल्यांत वाळवी व ओल यांपासून वही कशी राखावी तें शिकवून यावें.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. जुन्या नोंदींत पूर्वजातीचा उल्लेख असूं शकतो, आणि ज्या मुलाचा बाप लिहिलेला नाहीं असेंही मूल असूं शकतें. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या गेल्या. पुढें १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. तेव्हां आजोबांच्या बाप्तिस्म्याची एक ओळ छापून नातवाच्या शिक्षणावर, नोकरीवर किंवा गांवांतील स्थानावर परिणाम होऊं शकतो. आमचा नियम असा असावा कीं, शंभर वर्षांच्या आंतील नोंदींतून व्यक्तीचें नांव छापूं नये; संख्या छापाव्या, धंदे छापावे, गांवें मोठीं असल्यास छापावीं. त्याहून जुन्या नोंदींतही वंशज हयात असतील तर त्यांस विचारावें. ताम्रपटांतील राजा तक्रार करावयास येत नाहीं. नोंदवहींतील मजुराचा नातू आमच्याच शहरांत राहतो.

असो. संभाजीनगर व जालना जिल्ह्यांतील प्रत्येक जुन्या मंडळीजवळ कोणत्या वह्या, कोणत्या सालापासून, कोणत्या भाषेंत व कोणत्या अवस्थेंत आहेत, एवढी यादी झाली तरी पुष्कळ काम होईल. ती करतांना जवळच्या मंडळीच्या पाळकसाहेबांस भेटावें, प्रथम त्यांचें ऐकून घ्यावें, आणि वही उघडल्यावर धंद्याचा रकाना आधीं वाचावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.